भाड्याच्या खोलीलाही करारनामा असतो, मग गेमला का नाही?

सध्या गेम खेळणाऱ्या कुणालाही भेटा, पहिला प्रश्न ठरलेला. जीटीए सहा कधी येणार? आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. तारीख पुढे गेली की मीम्सचा पाऊस पडतो, आठवड्याभरात सगळे विसरतात. माझा प्रश्न जरा उलट्या बाजूचा आहे. आलेला गेम जाणार कधी? चार-पाच हजार रुपये मोजून मी जी वस्तू घरी आणणार, ती माझ्याकडे किती वर्षं राहणार, हे कुठे लिहिलंय का?

कुठेही लिहिलेलं नाही. ही पोस्ट त्याबद्दलच आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी काही मोठा गेमर वगैरे नाही. स्ट्रीमिंग करत नाही, रँक माहीत नाही, ग्राफिक्स कार्डचा नंबर विचारलात तर बिल शोधावं लागेल. नोकरी, प्रवास, घर, पोरीचा अभ्यास हे सगळं उरकून शनिवारी रात्री घरातले झोपले की जो दीड तास मिळतो तो माझा. तोही दर आठवड्याला मिळतो असं नाही. त्यामुळे जग जो गेम २०२० मध्ये खेळलं, तो मी २०२३ च्या सेलमध्ये घेतो आणि २०२५ मध्ये सुरू करतो. माझ्यासारखे लोक भरपूर आहेत. ते कुठे लिहीत नाहीत, बोलत नाहीत, म्हणून कंपन्यांना वाटतं ते नाहीतच. आणि आज या धंद्यात जे काही चाललंय त्याचा सगळ्यात मोठा फटका याच हळू खेळणाऱ्या, उशिरा पोचणाऱ्या माणसाला बसतोय.

मला बसला तो छोटा होता. सेलमध्ये आठशे रुपयांना एक गेम घेऊन ठेवला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. वर्षभराने एका शनिवारी डाउनलोड करून सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ, सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. मला वाटलं आपलं वायफाय. राउटर बंद-चालू केला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला, गेम काढून पुन्हा टाकला. दीड तास त्यातच गेला. शेवटी शोधाशोध केल्यावर कळलं की सर्व्हर तीन महिन्यांपूर्वीच कायमचे बंद झालेत. ईमेल आला होता म्हणे. आला होता खरा, जाहिरातींच्या टॅबमध्ये पिझ्झाच्या ऑफरखाली. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की तुम्ही गेम घेतला नव्हता, गेम वापरण्याचं लायसन्स घेतलं होतं. आणि गंमत म्हणजे मला त्या गेममध्ये कुणाशीही ऑनलाइन खेळायचं नव्हतं. एकट्याने खेळायची गोष्ट होती ती. तरी दार सर्व्हरच्या किल्लीने उघडायचं.

आठशे रुपये गेले, जाऊ देत. पण तेव्हापासून 'लायसन्स' हा शब्द डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू'. गाड्या चालवायचा गेम. अमेरिकेचा छोटा नकाशा उभा केलाय, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी दामटवत जायचं. डिसेंबर २०१४ मध्ये आला. यातही एकट्याने खेळायची पूर्ण कथा होती, पण इंटरनेट सतत हवंच. डिसेंबर २०२३ मध्ये तो विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून पूर्ण पैसे देऊन घेतलेली डिस्क म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायची चकती. एवढ्यावर थांबले नाहीत. काही दिवसांनी लोकांच्या खात्यातून गेमचं लायसन्सही काढून घेतलं. म्हणजे घर पाडलं ते पाडलं, वर सातबाऱ्यावरचं नावही खोडलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन खेळाडूंनी दावा ठोकला. कंपनीने कोर्टात जे म्हटलं त्याचा मतलब असा, की ग्राहकाने मर्यादित वापराचा परवाना घेतला होता, मालकी कधी घेतलीच नव्हती. यावर फिर्यादींनी एक मजेशीर पुरावा पुढे केला. गेमच्या खोक्यात जो कोड होता त्याची मुदत त्यांच्या म्हणण्याप्रमाणे २०९९ पर्यंत छापलेली होती. आता मला सांगा, खोक्यातल्या कुपनाला २०९९ ची मुदत आणि खोक्यातल्या गेमला मुदतच नाही. ग्राहकाने यातून काय समजायचं?

आता या 'लायसन्स'कडे येतो. मुंबई-पुण्यात ज्याने एकदा तरी भाड्याने खोली घेतली आहे त्याला 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अकरा महिन्यांचा करार. त्यात लायसन्स देणारा कोण, घेणारा कोण, डिपॉझिट किती, सुरुवात कोणत्या तारखेला, शेवट कोणत्या तारखेला, मध्येच खाली करायची झाली तर किती दिवसांची नोटीस, भिंतीला खिळा ठोकला तर काय, सगळं लिहिलेलं. दोन साक्षीदार, रजिस्ट्रेशन, अंगठ्याचा ठसा. घरमालक कितीही खडूस असला तरी तो 'खोली तुम्हाला विकली' असं म्हणून पूर्ण किंमत घेत नाही आणि चार वर्षांनी तुम्ही गावाला गेल्यावर कुलूप बदलत नाही. तसं करणाऱ्याला आपण चारशेवीस म्हणतो. (कलमाचा आकडा आता बदललाय, पण शब्द काही बदलणार नाही.)

गेमच्या ऑनलाइन दुकानात बटणावर काय लिहिलेलं असतं? 'बाय'. भाड्याने घ्या असं नाही, वापरायला घ्या असंही नाही. सरळ विकत घ्या. पैसे विकत घेतल्याचे मोजायचे, हक्क भाडेकरूचे मिळणार, आणि भाडेकरूला जी शेवटची तारीख मिळते तीही यात नाही. भाडेकरूपेक्षा वाईट अवस्था. पागडीवाल्याला तरी काहीतरी हक्क असतो हो!

हे माझंच डोकं नाही चालत. कॅलिफोर्नियाने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कायदाच केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना 'बाय' हा शब्द वापरायचा असेल तर हे फक्त लायसन्स आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असं तो म्हणतो. लागू व्हायच्या आधीच स्टीमवर पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दिसायला लागली, आपल्याकडेही दिसते. पुढच्या वेळी खरेदी करताना बघा, बारीक अक्षरात असेल. माझं त्यावर समाधान नाही. 'ही विक्री नाही' एवढं सांगून भागत नाही. किती दिवसांचा परवाना ते सांगा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते, रेल्वेच्या पासावर असते. पाच हजारांच्या गेमवर का नसावी?

बरं, असं म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. माझ्याच मित्रांकडून येतात, कंपन्यांना बोलायचीही गरज पडत नाही.

पहिलं उत्तर म्हणजे सर्व्हरला खर्च येतो, कायम कोण चालवणार? अरे बाबांनो, कायम चालवा असं कुणीच म्हणत नाहीये. रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम सुरू केली, ती याच 'द क्रू'वरून. त्यातली मागणी वाचा. सर्व्हर बंद करायचा तर खुशाल करा, पण जाताना गेम खेळता येण्याजोग्या अवस्थेत सोडून जा. एकट्याने खेळायचा असेल तर ऑफलाइन चालू दे. अनेकांनी खेळायचा असेल तर लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवता येतील अशी काहीतरी सोय ठेवा. बस. एसटीने गावाची गाडी बंद केली तर केली, पण म्हणून रस्ता उखडून नेत नाही ना कुणी.

युरोपात या मागणीवर नागरिकांच्या सह्या गोळा झाल्या. तिथे दहा लाख सह्या झाल्या आणि पुरेशा देशांमधून आल्या की युरोपीय आयोगाला त्यावर उत्तर द्यावंच लागतं. जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला आणि महिनाअखेर मुदत संपली तेव्हा तो चौदा लाखांच्या वर होता. गेमसाठी! ब्रिटनमध्ये संसदेत चर्चा झाली, सरकारने कायदा बदलायचा विचार नाही असं सांगून हात झटकले. पण चर्चा तरी झाली.

दुसरं उत्तर म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. कंपन्यांच्या युरोपातल्या संघटनेनेही तसंच म्हटलं, की खासगी सर्व्हर हा प्रत्येक वेळी जमण्यासारखा पर्याय नाही, त्यात बेकायदा मजकूर आला तर जबाबदारी कुणाची, आणि असे गेम बनवणं फार महाग पडेल. यातला जबाबदारीचा मुद्दा अगदीच फालतू नाही, हे मान्य. हजारो लोक एका वेळी खेळतात असे गेम मोडून घरच्या कम्प्युटरवर बसवणं सोपं नसणार, हेही मान्य. पण 'द क्रू'चं काय झालं ते बघा. बोंबाबोंब झाल्यावर याच कंपनीने 'द क्रू २'ला ऑफलाइन खेळायची सोय देण्याचं कबूल केलं आणि २०२५ मध्ये दिलीही. म्हणजे शक्य होतं. इतकंच नाही, मेलेला पहिला 'द क्रू'सुद्धा काही हौशी लोकांनी कंपनीच्या सर्व्हरची नक्कल बनवून २०२५ मध्ये पुन्हा चालू केला. पगार नाही, मूळ कोड हातात नाही, फावल्या वेळातलं काम. जे शनिवार-रविवार बसून चाहत्यांना जमलं ते हजारो माणसं पदरी बाळगणाऱ्या कंपनीला जमत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

तिसरं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. अटी वाचायच्या होत्या ना, 'आय ॲग्री' तूच दाबलंस ना! हो, दाबलं. पैसे भरल्यानंतर, पन्नास जीबी डाउनलोड झाल्यानंतर दाबलं. न दाबता पुढे जायचा दुसरा रस्ता दाखवा. रिक्षात बसवून अर्ध्या वाटेत आणून मग मीटरचे नियम वाचायला देणं याला संमती म्हणत नाहीत.

आणि पैसे परत करता येत नाहीत असंही नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' आठवतोय? २३ ऑगस्ट २०२४ ला आला, माणसंच फिरकली नाहीत, ६ सप्टेंबरला बंद. चौदा दिवस! पण सगळ्यांना पूर्ण पैसे परत दिले. म्हणजे यंत्रणा आहे. दोन आठवड्यांत बंद पडला तर पूर्ण पैसे परत, आणि काही वर्षांनी बंद पडला तर ठणठणगोपाळ. मधली रेषा कुणी आखली? ईएचा 'अँथम' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, १२ जानेवारी २०२६ ला बंद झाला. तो गेम फार चांगला होता असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण त्यात उडायची मजा काही औरच होती. आता ती कुणालाच घेता येणार नाही, ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्यालाही नाही.

मग काही जण म्हणतात, विकत घेतोसच कशाला, सबस्क्रिप्शन घे. जानेवारी २०२४ मध्ये युबीसॉफ्टचे सबस्क्रिप्शन बघणारे फिलिप ट्रेम्ब्ले यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की लोकांनी जशी सीडी-डीव्हीडी जवळ नसण्याची सवय करून घेतली, तशी गेमची मालकी नसण्याचीही व्हायला हवी, तेव्हा सबस्क्रिप्शन वाढेल. ते सबस्क्रिप्शनबद्दल बोलत होते, सगळ्या गेमबद्दल नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या वाक्यावरून त्यांना जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या बसायला नको होत्या. उलट माणूस खरं बोलला. सबस्क्रिप्शनमध्ये निदान लपवाछपवी नाही, महिन्याचे पैसे भरा, महिनाभर खेळा.

पण माझ्यासारख्याचा हिशोब करून बघा. महिन्याला चार शनिवार, प्रत्येकी दीड तास, झाले सहा तास. त्यातला एक शनिवार लग्नात, एक पाहुण्यांत. उरले तीन तास. रोज पाच तास खेळणाऱ्या पोराला आणि मला भाडं मात्र सारखंच. आणि ते भाडं वाढवायचं कुणाच्या हातात? ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम पासच्या सगळ्यात वरच्या योजनेचा अमेरिकेतला दर २० डॉलरवरून थेट ३० डॉलर केला. दीडपट! आपल्याकडे घरमालकाने अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढवले तरी सोसायटीभर चर्चा होते. शिवाय यादीतले गेम येतात-जातात. चाळीस तासांची गोष्ट तीन-तीन तास करत मी वर्षभर ओढणार, तेवढ्यात तो गेम यादीतून गेलेला असतो. सबस्क्रिप्शन हे वेळ असलेल्या लोकांसाठी आहे. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत पण वेळ त्याहून कमी आहे, त्याच्यासाठी वस्तू विकत घेऊन फडताळात ठेवणं हाच एक मार्ग होता, आणि तोच बंद होत चाललाय.

फडताळात ठेवायलाही आता काही राहिलेलं नाही म्हणा. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ आला. त्याच्या बऱ्याच गेमचं 'की कार्ड' मिळतं. खोकं आहे, कार्ड आहे, पण कार्डात गेम नाही, फक्त डाउनलोड करायची परवानगी आहे. निदान ते कार्ड दुसऱ्याला विकता येतं, एवढं खरं. पण उद्या डाउनलोडची सोय बंद झाली तर ते प्लॅस्टिकचं चतकोर घेऊन लॅमिंग्टन रोडला उभे राहा, कोण विचारतंय बघू.

मामाच्या घरी माळ्यावर आमचा 'सामुराई' आहे. नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता त्यांना आठवेल. पिवळ्या कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले, प्रत्यक्षात दहा-बाराच, बाकी सगळी पुनरावृत्ती. तीही फसवणूकच होती, पण निदान ते दहा-बारा आमचे होते! मागच्या दिवाळीत खाली काढला, कॅसेटला फुंकर मारली, दोनदा आपटली, आणि काँट्रा सुरू. पोरीला पहिल्याच टप्प्यात सात वेळा मरताना बघून मला जो आनंद झाला तो सांगायला नको. सॉफ्टवेअर जुनं झालं की ते आपोआप मरतं असं जे आपल्याला वाटायला लागलंय ना, ते खरं नाही. २०१४ चा गेम मेला, कारण त्याच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. नव्वदच्या दशकातला चालतोय, कारण किल्ली माळ्यावरच होती.

कुणी म्हणेल, एवढं काय, खेळच तर आहे. मग सिनेमाचं उदाहरण घ्या. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १९३१ चा. आज त्याची एकही प्रिंट नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं उरलेली नाहीत. त्या काळी सिनेमासुद्धा 'खेळच तर' होता, आणि पुण्यात फिल्म अर्काइव्ह उभी राहिली ती १९६४ मध्ये, तोवर बरंच काही जळून, कुजून गेलं होतं. अमेरिकेत व्हिडिओ गेमच्या इतिहासावर काम करणाऱ्या एका संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तर तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. सिनेमे निष्काळजीपणाने गेले. हे गेम तर बटण दाबून घालवले जातायत.

आणि यात आपली माणसं आहेत. युबीसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यातही आहेत, मुंबईतही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चं नवं रूप याच दोन स्टुडिओंकडे दिलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक! आपल्या पोरांनी बनवलेला, जगभर विकला जाणारा मोठा गेम. मग पुढे ढकलला, पुन्हा ढकलला, २०२२ मध्ये काम माँट्रियलला नेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो गेमच रद्द. इतकी वर्षं ज्यांनी तिथे दिवस-रात्र काढले त्यांनी पुढच्या मुलाखतीत काय दाखवायचं? बनवणाऱ्याची मेहनतही त्यांची, खेळणाऱ्याचे पैसेही त्यांचे, आणि दोघांच्या हातात काही नाही.

हे सुधारेल अशी आशा मला धंद्याच्या बातम्या वाचून तरी वाटत नाही. मायक्रोसॉफ्टने जवळपास ६९ अब्ज डॉलर देऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली, ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातल्या १९०० लोकांना घरी पाठवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ईए ही कंपनी ५५ अब्ज डॉलरला विकायचं ठरलं, सौदीचा सरकारी निधी आणि आणखी दोन गुंतवणूकदार मिळून. त्यातले सुमारे २० अब्ज कर्ज काढून. ज्याने कर्ज काढून दुकान घेतलं तो पहिली काटकसर कुठे करतो? मागच्या खोलीतले, गिऱ्हाईक कमी असलेले दिवे बंद करतो. जुन्या गेमचे सर्व्हर म्हणजे तेच मागचे दिवे. आणि त्या मागच्या खोलीत, उशिरा आलेला, कोण बसलेला असतो? आम्ही.

आता आपल्याकडे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. तीन दिवसांत दोन्ही सभागृहं आणि राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, चांगलं झालं, त्यात घरं उद्ध्वस्त होत होती. पण त्या सगळ्या गदारोळात 'गेमिंग' म्हणजे रमी आणि सट्टा एवढाच अर्थ लोकांच्या डोक्यात बसला. त्या आधी जुलैमध्ये विधिमंडळात मंत्र्यांच्या मोबाइलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला तेव्हाही तेच. टीव्हीवर चर्चा 'गेमिंगचं व्यसन', आणि माझी आई मला विचारते, तू पण पैसे लावतोस का रे? मी गेम खेळतो, जुगार नाही, हे समजावण्यातच आमची शक्ती संपते. खरेदीदार म्हणून आमचे काही हक्क आहेत हे बोलायची वेळच येत नाही.

हक्क नाहीत असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' अशी चक्क व्याख्या आहे, आणि एका बाजूला वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायचा अधिकार देणं हे त्यात स्पष्ट मोजलंय. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या बटणांबद्दल, 'डार्क पॅटर्न'बद्दल, मार्गदर्शक सूचना निघाल्या. कागद सगळे आहेत. तक्रार कुणी करायची, एवढाच प्रश्न आहे. आठशे रुपयांसाठी कोण जाणार? अनुचित कराराची तक्रार तर जिल्हा आयोगाकडे चालतही नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. कंपन्यांनाही हे पक्कं माहीत आहे. प्रत्येकाचं नुकसान कोर्टाची पायरी चढायला परवडणार नाही इतकं छोटं ठेवायचं, आणि असे लाखो जण गोळा करायचे.

माझी मागणी फार मोठी नाही. विकताना 'बाय' लिहायचं तर विका. लायसन्स द्यायचं तर त्यावर तारीख टाका, अमुक वर्षापर्यंत चालेल याची हमी, त्याआधी बंद केलं तर इतके पैसे परत. आणि बंद करताना एकट्याने खेळायचा भाग ऑफलाइन सोडून जा. तारीख छापली की बाजारच उत्तर देईल. 'हमी दोन वर्षं' असं वाचून पाच हजार मोजणारे किती निघतात ते बघू.

तोवर मी माझ्यापुरतं ठरवलंय. इंटरनेट काढल्यावर चालत नाही असा एकट्याने खेळायचा गेम घ्यायचा नाही, कितीही सेल असो. यात फार काही गमावतोय असंही नाही. 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३' हा २०२५ चा सगळ्यात गाजलेला गेम, माँपेलियेमधल्या एका तुलनेने छोट्या फ्रेंच स्टुडिओचा, एकट्याने खेळायचा. 'सिल्कसाँग' सप्टेंबर २०२५ मध्ये आला, वीस डॉलरचा, त्या दिवशी एवढी झुंबड उडाली की दुकानांच्या साइट कोलमडल्या. 'बलाट्रो' तर मुळात एका माणसाने बनवलेला, पत्त्यांचा, आणि पैसे लावायचे नसतात बरं का आई. यातला एकही सर्व्हरच्या मेहेरबानीवर जगत नाही. जीओजीसारख्या दुकानातून घेतला तर इन्स्टॉल करायची फाइलच उतरवून घेता येते, हार्ड डिस्कवर टाकायची, विषय संपला. जीटीए सहाचं अजून ठरलेलं नाही. आल्यावर त्याची कथा ऑफलाइन चालते का ते आधी बघणार, मग पाकीट काढणार. तसाही मी २०२९ मध्येच सुरू करणार आहे.

ज्यांचे गेम असे बंद पडलेत त्यांनी एक करा. बिल, बंद केल्याचा ईमेल आणि तो 'संपर्क होऊ शकत नाही' वाला पडदा, तिन्हींचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. मी माझी आठशे रुपयांची या रविवारी नोंदवणार आहे. मजकूर मराठीत लिहून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर खाली सांगा, पाठवतो.